ड्यूटेरॉन प्रोटॉनच्या दुप्पट वाहतो का? हलक्या अणुकेंद्रांचा प्रवाह मोजण्याची वाट, पायरी-पायरीने

सोन्याची दोन अणुकेंद्रं प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळली की बाहेर फक्त सुटे प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि पायॉन येत नाहीत. काहींच्या जोड्या जमतात, काहींच्या तिकड्या, चौकड्या. जोडी म्हणजे ड्यूटेरॉन, तिकडी म्हणजे ट्रायटॉन किंवा हेलियम-३, चौकडी म्हणजे हेलियम-४. ड्यूटेरॉनची बंधनऊर्जा अवघी २.२ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; तापमानही इथे याच एककात मोजतात), आणि ज्या भट्टीतून तो येतो तिचं तापमान त्याच्या कितीतरी पट. तरी तो अख्खा बाहेर पडतो, आणि वाटेल तसा भरकटत नाही, इतर कणांबरोबर ठरावीक दिशेने वाहत येतो. तो किती वाहतो हे मोजायचं कसं, हा या लेखाचा विषय.

हे लिहितोय ते ज्यांनी प्रोटॉन किंवा पायॉनचा प्रवाह एकदा तरी काढलाय आणि आता अणुकेंद्रांकडे वळायचंय अशांसाठी. ही मंडळी बहुतेक वेळा एक घाई करतात. ड्यूटेरॉनचा आकडा दोनाने भागायचा, ट्रायटॉनचा तीनाने, प्रोटॉनवर ठेवून बघायचा आणि 'स्केलिंग आहे' (म्हणजे प्रवाह न्यूक्लिऑनांच्या, प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या, संख्येच्या प्रमाणात वाढतो) किंवा 'स्केलिंग मोडलं' असं जाहीर करायचं. माझ्या मते हा भागाकार सगळ्यात शेवटी करायचा असतो, आणि तोही असा भाबडेपणाने नाही. का ते पुढे आकडे घालून दाखवतो.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा

दोन केंद्रं थोडी बाजूला सरकून आदळतात. मधला भाग पिळवटतो, तापतो, फुटतो. कडेचे न आदळलेले तुकडे तसेच पुढे निघून जातात. त्यांना प्रेक्षक म्हणतात. मधल्या भागाला ते एका बाजूला ढकलतात आणि स्वतः दुसऱ्या बाजूला ढकलले जातात. या ढकलण्याने येणारी दिशा म्हणजे दिशायुक्त प्रवाह, व्ही१. दुसरं म्हणजे मधला भाग गोल नसतो, बदामी असतो, त्यामुळे कण सगळीकडे सारखे उडत नाहीत. ती दुहेरी विषमता म्हणजे लंबवर्तुळी प्रवाह, व्ही२. कणांच्या दिगंशाचं, म्हणजे शलाकेभोवतीच्या कोनाचं, वितरण फूरिए मालिकेत मांडलं की या विषमता मालिकेचे सहगुणक म्हणून आपोआप हाती येतात. १९९०च्या दशकात ही पद्धत रूढ झाली आणि आज सगळे हीच भाषा बोलतात.

प्रवाह पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो १९८४ साली, बर्कलीच्या बेव्हालॅक यंत्रावर, प्लास्टिक बॉल डिटेक्टरमध्ये. काही वर्षांतच त्याच गटाने दाखवलं की जड तुकड्यांमध्ये प्रवाह प्रोटॉनपेक्षा अधिक ठसठशीत असतो. कारण सोपं आहे. कणाच्या वेगात दोन वाटे असतात, एक सगळ्यांना सारखा मिळालेला सामूहिक वेग आणि दुसरा उष्णतेची धडपड. धडपडीचा वेग वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. तापमान ६० एमईव्ही धरा. ढोबळ हिशोबाने प्रोटॉनचा औष्णिक वेग प्रकाशाच्या ०.४४ पट येतो, हेलियम-४चा त्याच्या निम्मा. गर्दीत किडकिडीत माणूस धक्क्याने कुठेही जातो, धिप्पाड माणूस गर्दी जाते तिकडेच जातो, तसं.

ऊर्जा बघून चिन्हाची अपेक्षा ठरवा

आलेख काढण्याआधी वहीत लिहून ठेवा की व्ही२ धन यायला हवा की ऋण. हे प्रेक्षकांना बाजूला व्हायला किती वेळ लागतो यावर ठरतं. सोन्याच्या केंद्राचा व्यास सुमारे १४ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे १०⁻¹⁵ मीटर). डार्मस्टाटच्या हेडीस प्रयोगात प्रति न्यूक्लिऑन १.२३ जीईव्हीच्या (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) शलाकेने सोनं सोन्यावर आपटलं. तिथे प्रेक्षक पार व्हायला साधारण १७ फेम्टोमीटर प्रति सी, म्हणजे प्रकाशाला १७ फेम्टोमीटर जायला लागेल, एवढा वेळ लागतो. म्हणजे मधला भाग फुगत असताना ते दोन्ही बाजूंनी वाट अडवून उभेच असतात. कण मग टकरीच्या प्रतलाबाहेर (शलाका आणि दोन केंद्रांना जोडणारी रेषा ज्यात असतात ते प्रतल), काटकोनात पिळून निघतात आणि व्ही२ ऋण येतो. ब्रुकहेवनच्या रिक यंत्रावर २०० जीईव्हीला (ही प्रति न्यूक्लिऑन-जोडी टकरीची ऊर्जा, शलाकेची नव्हे) हाच वेळ ०.१३ इतका उरतो. वाट मोकळी असते, व्ही२ धन. चिन्ह पालटतं ते स्थिर लक्ष्यावर प्रति न्यूक्लिऑन सुमारे ४ जीईव्हीच्या आसपास.

चिन्ह अपेक्षेपेक्षा उलटं आलं तर भौतिकशास्त्र शोधत बसू नका, आधी कोडमधला वजा तपासा. शंभरात नव्वद वेळा तिथेच असतो.

कण ओळखणं: खरी मेहनत इथे

ओळख दोन साधनांनी होते. एक, ट्रॅकिंग चेंबरमध्ये कण दर सेंटीमीटरला किती ऊर्जा सोडतो. दुसरं, टाइम-ऑफ-फ्लाइट, म्हणजे तो किती वेळात पोचला. चुंबकीय क्षेत्रात कण वाकतो त्या वाटेची त्रिज्या आणि वेळ मिळून वस्तुमानाचा वर्ग निघतो. पण थांबा. वाकण्यातून संवेग निघत नाही, संवेग भागिले विद्युतभार निघतो. म्हणून हाती येतो तो वस्तुमानाचा वर्ग भागिले भाराचा वर्ग.

आकडे लिहून बघा, जीईव्हीच्या वर्गात. प्रोटॉन ०.८८. ड्यूटेरॉन ३.५२. ट्रायटॉन ७.८९. हेलियम-३चं वस्तुमान ट्रायटॉनइतकंच, पण भार दोन, म्हणून १.९७. आणि हेलियम-४? त्याचा वर्ग १३.९, भागिले चार, ३.४७. ड्यूटेरॉनच्या ३.५२ला खेटून! वेळमापक कितीही चांगला असला तरी हे दोन शिखर म्हणून वेगळे दिसायचे नाहीत. ज्याने नुसत्या टाइम-ऑफ-फ्लाइटवर ड्यूटेरॉन निवडले, त्याच्या नमुन्यात हेलियम-४ मिसळलाच म्हणून समजा. कमी ऊर्जेला, जिथे हेलियम-४ भरपूर बनतो, तिथे ही भेसळ व्ही१ला चांगलीच वर खेचते.

उपाय ऊर्जाऱ्हासात आहे. भार दुप्पट झाला की ऊर्जाऱ्हास चौपट होतो, म्हणून तिथे दोघांच्या पट्ट्या लांब राहतात. मी दोन्ही कट (निवडीच्या अटी) लावतोच, शिवाय ऊर्जाऱ्हास आडव्या अक्षावर आणि वस्तुमानाचा वर्ग उभ्या अक्षावर घेऊन दुमितीय आलेख प्रत्येक संवेग-बिनसाठी (संवेगाच्या प्रत्येक कप्प्यासाठी) छापून काढतो आणि डोळ्यांनी बघतो. कंटाळवाणं काम आहे, पण कुठल्या बिनमध्ये दोन ढग एकमेकांत शिरताहेत हे दुसऱ्या कुठल्याच आकड्यातून इतकं पटकन कळत नाही.

आता माझीच फजिती सांगतो. पहिल्यांदा हेलियम-३ काढला तेव्हा त्याचा व्ही२ ट्रायटॉनशी काही केल्या जुळेना. निम्म्या संवेगालाच तो ट्रायटॉनच्या पूर्ण उंचीवर पोचायचा. आठवडाभर मी कूलॉम्ब परिणामाच्या, म्हणजे विद्युत अपकर्षणाच्या, गप्पा मारत होतो. शेवटी लक्षात आलं, ट्रॅकरने दिलेला संवेग दोनाने गुणायचाच राहिला होता. भार दोन असलेल्या कणाला ही गुणणी करावी लागते, संवेगाला, आडव्या (शलाकेला लंब) संवेगाला, रॅपिडिटीत (शलाकेच्या दिशेतल्या वेगाच्या मापात) जाणाऱ्या संवेगालाही. रॅपिडिटी काढताना वस्तुमानही त्या-त्या केंद्राचंच घाला. स्थिर लक्ष्य असेल तर मध्य-रॅपिडिटी, म्हणजे टकरीच्या केंद्राची रॅपिडिटी, शून्यावर नसते. रिकवरच्या स्टार प्रयोगाच्या ३ जीईव्हीच्या नोंदींत ती प्रयोगशाळेच्या चौकटीत सुमारे १.०५ वर येते.

आणखी दोन खड्डे. शलाकेच्या नळीवर आणि डिटेक्टरच्या भिंतींवर आदळलेले कण तिथून आयते ड्यूटेरॉन आणि ट्रायटॉन उडवतात. हे कमी संवेगाला दाटीने असतात आणि टकरीशी त्यांचा काही संबंध नसतो. मूळ बिंदूपासून ट्रॅक किती दूरून गेला, त्या अंतराचं वितरण बघा. खरे कण शून्याजवळ टोकदार, हे उपरे पसरट. कट कडक करा, आणि तरीही सगळ्यात खालचे बिन संशयित वाटले तर सरळ सोडून द्या. उच्च ऊर्जेला प्रति-ड्यूटेरॉन वापरून ही कटकट टाळता येते, कारण नळीतून प्रति-ड्यूटेरॉन उडत नाहीत; कमी ऊर्जेला ती सोय नाही. दुसरा खड्डा म्हणजे हेलियम डिटेक्टरच्या पदार्थात बरीच ऊर्जा गमावतो आणि ट्रॅकर त्याला बहुधा पायॉन समजून दुरुस्ती करतो. सिम्युलेशनमधून त्याची वेगळी दुरुस्ती काढावी लागते.

इव्हेंट प्लेन

ही पायरी प्रोटॉनसारखीच, म्हणून थोडक्यात. टकरीचं प्रतल कोणत्या कोनात होतं हे निसर्ग सांगत नाही, कणांच्या पसाऱ्यावरून अंदाज बांधावा लागतो. एका टकरीला इव्हेंट म्हणतात आणि त्या अंदाजी प्रतलाला इव्हेंट प्लेन. प्रत्येक कणाच्या कोनाचे कोसाइन आणि साइन वजनं देऊन बेरजेत घ्या, त्यांच्या गुणोत्तरातून कोन काढा. हेडीसमध्ये हे काम पुढच्या भिंतीवर पडणारे प्रेक्षक करतात. डिटेक्टर सगळ्या कोनांत सारखा चालत नसतो, त्यामुळे कोनांचं वितरण सपाट येत नाही. आधी सरासरी शून्यावर आणा, मग उरलेले चढउतार कोन किंचित सरकवून (शिफ्ट) सपाट करा. हे रननुसार, म्हणजे नोंदींच्या प्रत्येक सत्रासाठी वेगळं करा, सगळा डेटा एकत्र घेऊन नाही.

अंदाज कधी अचूक नसतो, म्हणून मोजलेला व्ही रिझोल्यूशनने, म्हणजे अंदाज किती नेमका आहे त्याच्या मापाने, भागावा लागतो. एका इव्हेंटचे दोन सारखे उपगट केले आणि त्यांच्या कोनांतल्या फरकाच्या कोसाइनची सरासरी ०.३६ आली, तर एका उपगटाचं रिझोल्यूशन त्याचं वर्गमूळ, ०.६. उपगटाच्या प्लेनने ०.१२ मोजलात तर खरा ०.२०. पूर्ण इव्हेंटचं प्लेन वापरलं असेल तर रिझोल्यूशन याहून जास्त असतं. तिथे उपगटाचाच आकडा वापरला की उत्तर फुगतं, आणि फुगलेलं उत्तर सगळ्यांनाच आवडतं. उपगट सारखे नसतील तर तीन घ्या. कमी ऊर्जेला व्ही२ सुद्धा पहिल्या क्रमाच्या प्लेनवरच मोजतात. तेव्हा रिझोल्यूशन दुसऱ्या क्रमाचं लावा, ते बरंच कमी असतं.

अणुकेंद्रांसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्या ट्रॅकचा व्ही काढताय तोच प्लेनमध्ये बसलेला नको. तो बसला असेल तर त्याचा स्वतःशीच सहसंबंध दिसतो, आणि जड कणाचं वजन आडव्या संवेगावर दिलेलं असेल तर हा घोटाळा प्रोटॉनपेक्षा मोठा होतो. दुसरं म्हणजे एकूण संवेग अक्षय्य राहतो, एक कण उजवीकडे गेला तर बाकीचे किंचित डावीकडे झुकतात. हा खोटा व्ही१ कणाच्या आडव्या संवेगाच्या प्रमाणात वाढतो. ट्रायटॉनचा संवेग मोठा, म्हणून त्यालाच जास्त झळ. प्लेन दूरच्या रॅपिडिटीतल्या स्वतंत्र डिटेक्टरमधून घेतलं की दोन्ही दुखणी बरीचशी आटोक्यात येतात.

बिन आखताना

प्रोटॉनशी तुलना करायचीच आहे तर बिन आधीपासून जुळवून आखा. प्रोटॉनचा आडवा संवेग ०.४ ते ०.५ जीईव्ही असेल तर ड्यूटेरॉनचा ०.८ ते १.०, ट्रायटॉनचा १.२ ते १.५, आणि रॅपिडिटी तिघांची तीच. नंतर आलेखावर रेषा जोडून मधले आकडे अंदाजाने काढण्यापेक्षा हे हजार पटीने बरं. सेंट्रॅलिटीचा (टक्कर किती समोरासमोर झाली त्या मापाचा) बिन रुंद असेल तर रिझोल्यूशनने शेवटी एकदा भागू नका, प्रत्येक कणाला त्याच्या इव्हेंटच्या सेंट्रॅलिटीच्या रिझोल्यूशननुसार वजन लावा. रुंद बिनच्या आत ड्यूटेरॉन आणि प्रोटॉन सारख्या प्रमाणात पसरलेले नसतात, त्यामुळे एकच भागाकार दोघांना वेगवेगळा फसवतो.

आता तो भागाकार

जुळणी-प्रारूप (कोअ‍ॅलेसन्स) म्हणतं की एकमेकांजवळ असलेले आणि जवळपास सारख्या वेगाने चाललेले प्रोटॉन-न्यूट्रॉन शेवटी चिकटतात. तसं असेल तर ड्यूटेरॉनचं वितरण म्हणजे प्रोटॉनचं वितरण गुणिले न्यूट्रॉनचं. न्यूट्रॉन मोजता येत नाही, तो प्रोटॉनसारखाच वाहतो असं धरतात. प्रोटॉनचे सहगुणक प१ आणि प२ म्हणू, ड्यूटेरॉनचे ड१ आणि ड२. वितरणाचा वर्ग करा, पद जुळवा:

भ = १ + २ × प१² + २ × प२²
ड१ = २ × प१ × (१ + प२) ÷ भ
ड२ = (२ × प२ + प१²) ÷ भ

(तिसऱ्या आणि वरच्या क्रमांकडे तूर्त काणाडोळा केलाय.)

दुसऱ्या ओळीपेक्षा तिसरी ओळ निरखून बघा. ड२ मध्ये प१ चा वर्ग आयताच येऊन बसला आहे. उच्च ऊर्जेला मध्य-रॅपिडिटीजवळ प१ नगण्य, म्हणून तिथे 'दोनाने भागा' चालून जातं. प२ ०.१० असेल तर ड२ ०.१९६. त्याच हिशोबाने तिकडीचा आकडा ०.२८६, ०.३० नव्हे. फरक आहे, पण चुकांच्या पट्ट्यांत लपतो. स्टारने ७.७ ते २०० जीईव्हीपर्यंत हलक्या केंद्रांचा व्ही२ मोजला तेव्हा प्रति न्यूक्लिऑन १.५ जीईव्ही आडव्या संवेगापर्यंत वस्तुमानांकाचं (केंद्रातल्या न्यूक्लिऑनांच्या संख्येचं) स्केलिंग ढोबळमानाने टिकलं.

आता कमी ऊर्जेला, मध्यापासून दूरच्या रॅपिडिटीवर या. उदाहरणासाठी प१ = ०.३ आणि प२ = −०.०३ धरा. भ येतो १.१८. ड१ येतो ०.४९, ०.६० नाही. आणि ड२? अंशात −०.०६ अधिक ०.०९, म्हणजे +०.०३, भागून +०.०२५. प्रोटॉन प्रतलाबाहेर, ड्यूटेरॉन प्रतलात! भाबड्या भागाकाराने इथे 'स्केलिंग साफ मोडलं, ड्यूटेरॉन काहीतरी वेगळंच करतोय' असा मथळा निघाला असता. प्रत्यक्षात ड्यूटेरॉनने काहीही नवं केलेलं नाही, त्याने फक्त प्रोटॉनच्या दोन्ही सवयी एकत्र उचलल्या आहेत.

मध्य-रॅपिडिटीलाही हा वर्ग सुखाने जगू देत नाही. बिन मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल तर प१ ची सरासरी शून्य होते, पण वर्गाची होत नाही. बिनच्या कडेला प१ ०.२ पर्यंत सरळ रेषेत वाढत असेल तर वर्गाची सरासरी ०.०१३. प२ −०.०२ असेल तर त्याचा दुप्पट −०.०४, म्हणजे तिसरा हिस्सा नुसत्या बिनच्या रुंदीने खाल्ला. म्हणून बिन अरुंद घ्या, किंवा प्रोटॉनचे दोन्ही सहगुणक बारीक बिनमध्ये मोजून, वरची सूत्रं तिथे लावून, मग सरासरी काढा.

स्टारचे ३ जीईव्हीचे निष्कर्ष या नजरेने वाचावेत. तिथे ड्यूटेरॉनपासून हेलियम-४ पर्यंत सगळ्यांचा व्ही१चा मध्याजवळचा उतार वस्तुमानांकाच्या प्रमाणात सापडला. सूत्रातही तेच दिसतं, कारण प१ शून्याकडे गेला की भ जवळपास एक होतो आणि उरतो दोनाचा गुणाकार. व्ही२ मात्र मध्याला ऋण, रॅपिडिटीबरोबर झपाट्याने बदलणारा, आणि वस्तुमानांकाला न जुमानणारा निघाला. बॅरिऑनांचं (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या जड कणांचं) सरासरी क्षेत्र आणि वर जुळणी, असं मॉडेल त्या नोंदींशी चांगलं जुळलं.

एक गोम अजून आहे. कमी ऊर्जेला प्रोटॉनांचा मोठा वाटा केंद्रांतच बांधला जातो. तुम्ही मोजलेला 'प्रोटॉन' हा जुळणीतून उरलेला असतो. जे दाट भागात होते आणि जोरात वाहत होते तेच आधी जोड्यांत गेले. म्हणून काही गट सुटे आणि बांधलेले, सगळे प्रोटॉन भारानुसार मोजून एकत्र प्रवाह काढतात आणि मॉडेलशी तो ताडतात. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो, कारण जुळणीचं मॉडेल चुकलं तरी ही बेरीज फारशी हलत नाही. उच्च ऊर्जेला वेगळी काळजी: तिथल्या प्रोटॉनांत लॅम्ब्डा या अल्पायुषी कणाच्या क्षयातून आलेले बरेच असतात, आणि ते जोडीला उपलब्ध नव्हतेच. ते वजा करूनच प२ सूत्रात घाला.

जुळणी हेच अंतिम सत्य, असं मात्र धरून चालू नका. सर्नच्या ॲलिस प्रयोगात शिशाच्या टकरींतल्या हेलियम-३चा व्ही२ साध्या जुळणीच्या आणि ब्लास्ट-वेव्ह मॉडेलच्या (सगळे कण एकाच फुगणाऱ्या तप्त गोळ्यातून निघतात असं धरणाऱ्या) भाकितांच्या मधोमध कुठेतरी पडला. साधी जुळणी केंद्राचा आकार विसरते. ड्यूटेरॉनची त्रिज्या सुमारे दोन फेम्टोमीटर आहे, आणि उगमस्थान लहान असेल तर ती नजरेआड करून चालत नाही.

जाता जाता एक चाचणी

हेडीसने प्रोटॉन, ड्यूटेरॉन आणि ट्रायटॉनचे सहगुणक सहाव्या क्रमापर्यंत मोजले आहेत. तुमच्याकडे निदान व्ही४ असेल तर मध्य-रॅपिडिटीला त्याला व्ही२ च्या वर्गाने भागून पाहा. आदर्श द्रवात मोठ्या आडव्या संवेगाला हे गुणोत्तर ०.५ कडे जातं. जुळणीत ड्यूटेरॉनचा चौथा सहगुणक म्हणजे प्रोटॉनच्या चौथ्याची दुप्पट अधिक प२ चा वर्ग. छेदातल्या लहान दुरुस्त्या सोडा. प्रोटॉनचं गुणोत्तर ०.५ असेल तर अंश २ × प२², छेद ४ × प२², पुन्हा ०.५. तिकडीसाठी ४.५ भागिले ९, पुन्हा तेच. ०.३ ने सुरुवात केली तर ड्यूटेरॉनला ०.४ येतं आणि ट्रायटॉनला सुमारे ०.४३. तिन्ही बिंदू एकाच आलेखावर ठेवा. प्रोटॉन ०.५ वर आणि ड्यूटेरॉन ०.८ वर दिसला, तर परत कण ओळखण्याच्या पायरीवर जा आणि हेलियम-४चा कट उघडून बघा.